मामांचा हात

समस्त कोल्हापूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, या शहरातली एकही भिंत सरळ नाही. हा निकाल आमच्या लांबीवाल्या मामांचा आहे आणि त्यावर अपील चालत नाही. रंगाआधी भिंतीचे खड्डे, भेगा लांबीने बुजवून ती घासून गुळगुळीत करायची, यात त्यांचा जन्म गेला. रंगाऱ्यांना ते मोजतच नाहीत. "रंग म्हंजे पावडर हो. आधी तोंड धुवाय नको?" महापुरात कुठली भिंत किती पाणी प्यायली, हे नुसती टिचकी मारून सांगतात. आमच्या पुतणीच्या लग्नात सगळे अक्षता टाकत होते आणि मामा कार्यालयाच्या भिंतीवरून तळहात फिरवत होते. शेवटी मालकाला गाठून म्हणाले, "पावणं, भिंत हाय का जोतिबाचा डोंगर?" मालकाने त्यांना मुकाट्याने जिलेबीच्या पंगतीला नेऊन बसवलं.

असा माणूस यंदा आमच्या दारात आला तो भिंत चाचपत. ऑपरेशन होऊनही डोळ्यांना अंधूकच दिसत होतं आणि लेकीने काम बंद करायला सांगितलं होतं. माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, तुमची एक खोली द्या. जमली तर जमली, न्हाईतर लांबी वढायचा पत्रा कायमचा खाली ठेवला."

दोन दिवसांच्या कामाला त्यांनी आठ दिवस घेतले. शेवटी भिंतीला लावून बल्ब धरायची वेळ आली. उंचवटा असला की त्याची सावली पडते. ती सावली मामांना आता दिसत नव्हती, म्हणून बल्ब बायकोच्या हातात दिला. खिडकीपाशी भाकरीएवढी सावली पडली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"एक नंबर झालीया, मामा," ती म्हणाली.

मामा डोळे मिटून दारापासून भिंतीवर हात फिरवत निघाले, झोपलेल्या नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा. खिडकीपाशी हात थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला. आम्हा दोघांना एकमेकांकडे बघवेना. तेवढ्यात त्यांचा चेहरा असा काही उजळला, की बल्ब फिका पडावा. गर्रकन वळून ते ओरडले,

"खोटं बोलताय की वैनी! हितं टेंगूळ हाय, आनि ते माझ्या हाताला घावलं!"