लाल रुमालवाली

माझ्या आईला एक सवत होती आणि ती सिकंदराबादला राहायची. तिला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. नाव माहीत नव्हतं. दंडाला लाल रुमाल बांधायची, एवढीच काय ती ओळख. म्हणून घरात तिचं नाव पडलं लाल रुमालवाली. भाजीत मीठ जास्त पडलं आणि अण्णांनी तोंड वाकडं केलं, की आई शांतपणे म्हणायची, "मंग जा की तुमच्या लाल रुमालवालीकडं."

अण्णा म्हणजे माझे वडील. कळमनुरीत आमचं कापडाचं दुकान आहे. ते काढायच्या आधी, लग्नाच्याही आधी, अण्णा सिकंदराबादला एका मोठ्या कापडदुकानात कामाला होते. सोबत त्यांचे जिगरी दोस्त रहीमचाचा, ते तिथं शिलाई शिकत होते. (आज चाचांचं शिलाईचं दुकान आमच्या बरोब्बर समोर आहे. दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना बसून दिवसभर एकमेकांना चहा पाठवतात आणि तो गार होता म्हणून भांडतात.)

संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झालं की अण्णांचं सिकंदराबाद सुरू व्हायचं. ती काचेची कपाटं, आत टांगलेले कोट. शेजारचा अत्तरवाला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनगटावर फुकट फाया फिरवणारा. त्यापलीकडं बेकरी, आणि बेकरीच्या माडीवर डान्स हॉल! लाकडी जमीन, कोपऱ्यात पियानो, भिंतीला आरसे, आणि खालून येणारा गरम बिस्किटांचा वास. जमिनीवर पाय छान सरकावेत म्हणून तिथं चक्क अंगाला लावायची पावडर शिंपडायचे. "आमी तिथं वॉल्ट्झ करायचो," अण्णा छाती काढून सांगायचे. एकदा गिऱ्हाइकानं त्याचा मीटरचा भाव विचारला.

आता असला नाच म्हटला की जोडी आलीच. लग्न नवं नवं होतं तेव्हा आईनं सरळ विचारलं, नाचलात ते कोणासंगं? अण्णा गडबडले. म्हणाले, आमच्या जोडीतल्या लेडीजच्या दंडाला लाल रुमाल असायचा. बस्स, त्यापुढं एक अक्षर नाही. बाकीची बाई आईनं स्वतःच तयार केली. गोरीपान, केस कापलेली, उंच टाचांची. आणि पन्नास वर्षं तिच्या नावानं बोटं मोडली.

यंदा त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. कार्यक्रम ठरला, मंगल कार्यालय ठरलं, जिलबी-मठ्ठ्याचं जेवण ठरलं, आणि माझ्या डोक्यात आलं की अण्णा-आईंनी सगळ्यांसमोर वॉल्ट्झ करावा. आमच्या खानदानात मी उत्साही माणूस म्हणून ओळखला जातो. (सुनंदा, म्हणजे माझी बायको, यासाठी दुसरा शब्द वापरते.)

अण्णा एका पायावर तयार झाले. आई म्हणाली, या वयात मला तमाशा करायचा न्हाई. पण दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, अण्णा झोपलेले बघून, ती दुकानात आली आणि गादीवर बसली. बराच वेळ नुसतीच साड्यांचे काठ चाचपत राहिली.

"दिल्या, मला शिकिव ते. पर ह्यान्ला कळू देऊ नको."

"आता काहून? काल तर नको म्हणत होतीस."

"त्या लाल रुमालवालीपरीस मी उणी दिसले न्हाई पाहिजे. एकडाव ह्यान्ला दिसू दे. मंग मेले तरी चालंल."

मी हसणार होतो. पण तिचं तोंड बघितलं आणि हसू आलं नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, नातवंडांची आजी, आणि अजून त्या एका गोष्टीनं तिच्या काळजाला घरं पडलेली.

मग काय, दुकानामागच्या गोडाऊनमध्ये आमची शिकवणी सुरू झाली. कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून मोबाइल ठेवायचा, त्यातला गोरा मास्तर दाखवील तसं करायचं. बाप्यानं पुढं जायचं, बाईनं मागं. मी बाप्या, आई बाई. आईनं पटकन उचललं. एवढंच नाही, तिनं थानातून हातभर लाल कापड फाडून घेतलं आणि रहीमचाचांकडं रुमालाला शिलाई मारायला दिलं. चाचांनी विचारलं, हे कशासाठी? तिनं कारण सांगितलं. चाचांना असा ठसका लागला की दोन पेले पाणी पाजावं लागलं.

इकडं अण्णांचाही सराव चालू होता. दार लोटून, उशी छातीशी धरून, ते खोलीभर मागं-मागं जायचे. फटीतून मी बघितलं. मला वाटलं, गुडघ्यांसाठी डॉक्टरनं सांगितलं असेल.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अण्णांनी मला बाजूला घेतलं. जमिनीचं काय, म्हणाले. पावडर पाहिजे, त्याबिगर पाय सरकत न्हाईत. मी उत्साही माणूस. दोन मोठे डबे आणले आणि स्टेजसमोरची मोकळी जागा पांढरीशुभ्र करून टाकली. लाकडावर टाकायची पावडर कार्यालयाच्या चकचकीत फरशीवर टाकली तर काय होतं, हे मी कुणाला विचारलं नाही. ते पहिल्यांदा व्हिडिओवाल्याला कळलं. तो शूटिंग करत करत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, पाय न उचलता.

गाणं लागलं. अण्णा कोट घालून उभे. आई नवं लुगडं नेसून आली आणि दंडाला लाल रुमाल! अण्णांनी तो बघितला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. मला वाटलं, जुनी आठवण दाटून आली.

दोघांनी हात धरले. दोघांनीही डावा हात दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला. हे काहीतरी वेगळंच दिसतंय असं माझ्या मनात येतं न येतं तोच ठेका आला, आणि आईनं मी शिकवल्याप्रमाणं पाऊल मागं टाकलं. अण्णांनीही मागं टाकलं. दुसरं पाऊल, तेही दोघांचं मागं. हात ताणले गेले, दोघं मागं रेललेली, खाली पावडर. मागच्या रांगेतल्या बायकांना वाटलं फुगडी आहे, त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. आणि हात सुटले.

अण्णा मागच्या मागं जाऊन स्टेजखाली मांडलेल्या नवरदेवाच्या सिंहासनावर बसले. आई उभीच्या उभी घसरत गेली ती सुनंदाच्या मिठीत, आणि सुनंदा तिला घेऊन फुलांच्या कमानीत. कमान आडवी झाली. कुणाला लागलं नाही, पण गाणं थांबलं.

आईच्या केसांत झेंडू अडकले होते. तिनं ते काढले नाहीत.

"तिच्यासंगं जमत होतं ह्यान्ला," ती म्हणाली. "माझ्यासंगंच हात सुटला."

तिचे डोळे भरून आले. आणि ही सगळी हौस माझी! फरशी फाटून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. अण्णा सिंहासनावर खाली मान घालून बसलेले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून रहीमचाचा उठले. भिंतीचा आधार घेत घेत, पावडर चुकवत पुढं आले.

"अण्णा, तेरी कसम गई चूल्हे में," ते म्हणाले. मग आईकडं वळून त्यांनी बोट दाखवलं सिंहासनाकडं. "भाभी, तुम्हारी लाल रुमालवाली वो बैठी है."

चाचांनी मग सगळंच सांगून टाकलं. संध्याकाळी त्या हॉलमध्ये सुटाबुटातले साहेब आणि त्यांच्या मडमा नाचायच्या. दुकानांतल्या पोरांना मास्तर रविवारी दुपारी शिकवायचे. तिथं बाईमाणूस औषधालाही नसायचं. मग निम्म्या पोरांनी लेडीज व्हायचं, आणि कोण काय ते कळावं म्हणून लेडीजच्या दंडाला लाल रुमाल बांधायचा. चाचा उंच, ते जेंट्स. अण्णा काटकुळे, मिशी फुटायची होती, ते कायम लेडीज. "उलटा चलना एक नंबर आता इसकू," चाचा म्हणाले. "सीधा एक कदम नई आता."

"आवं, हे खरं हाय का?" आईनं विचारलं.

"नवी नवरी होतीस तू," अण्णा पुटपुटले. "मीच बाई होतो म्हणून कसं सांगू तुला?"

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. तर खांदे हलत होते ते हसून.

"म्हंजी पन्नास वरसं मी सवतीचेच पाय दाबून राहिले व्हय?"

सगळा हॉल फुटला. हसता हसता आईनं दंडाचा रुमाल सोडला, सिंहासनाजवळ गेली आणि अण्णांच्या कोटावर बांधला. ज्याचं त्याला, म्हणाली. मग चाचांना विचारलं, जेंट्सनं काय करायचं असतंय?

"कुछ नई भाभी. तुम आगे चलो, वो बराबर पीछे जाता."

"तेवढं येतंय मला," आई म्हणाली. "लग्न झाल्यापासून तेच करून राहिले."

गाणं पुन्हा लागलं. आई पुढं, अण्णा मागं. कोटावर लाल रुमाल, तोंडावर वीस वर्षांच्या पोराची लाज, आणि पावलं अशी हलकी की गुडघ्यांचे डॉक्टर अवाक् झाले असते. चाचा बाजूला उभे राहून हातानं ठेका देत होते आणि डोळे पुसत होते.  अण्णा खरंच नाचायचे, आणि एवढी वर्षं आम्ही त्यांना थापाड्या समजलो.

माझ्या अंगात उत्साह संचारला. मी सुनंदाचा हात धरला आणि शिकवणीप्रमाणं पाऊल पुढं टाकलं. पण सुनंदानं नुकतंच आईला बघितलं होतं. तिनंही पुढंच टाकलं, आणि आमच्या घरातलं वजन तिच्या बाजूला आहे. मी मागं निघालो तो पावडरीवरून, जेवणाच्या टेबलांच्या दिशेनं, आणि थांबलो मठ्ठ्याच्या पातेल्यात. बसलेल्या स्थितीत.

व्हिडिओवाला तोवर उभा राहायला शिकला होता. अण्णा-आईंचा नाच घरच्यांनी बघितला. माझं पातेलं हिंगोलीपासून हट्ट्यापर्यंत सगळ्यांनी मोबाइलवर बघितलं. वारंगा फाट्यावरून माणसं दुकानात येतात, दोन कापडं उलगडून बघतात आणि हळूच विचारतात, मठ्ठ्यात बसलेले तुमीच का? मी व्हय म्हणतो. मग त्यांना लाजेखातर शर्टपीस तरी घ्यावाच लागतो, आणि चाचांकडं शिलाई जाते.

धंदा असा कधी चालला नव्हता. सुनंदा म्हणते, दर वर्षी बसत जा.