आमच्या व्याह्यांचे समुपदेशन

माणसाचे मन उकलण्याची एकही पद्धत आमच्या व्याह्यांनी वापरायची बाकी ठेवलेली नाही, आणि त्यांपैकी एकीनेही आजवर कोणाचे मन उकललेले नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी समुपदेशनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम घरबसल्या पूर्ण केला आणि प्रमाणपत्र देवांच्या तसबिरींहून वीतभर उंच टांगले. या शास्त्रात अनेक विचारप्रणाली आहेत, हे मान्य. परंतु शहाणा मनुष्य समोरच्याकडे पाहून पद्धत निवडतो. आमचे व्याही पाठ्यपुस्तकातील प्रकरणांच्या क्रमाने निवडतात. बालपणाचे प्रकरण चालू असताना दौलताबादला सीताफळे विकणाऱ्या बाईला त्यांनी तिचे बालपण विचारले. "शेळ्यांमागं गेलं," ती म्हणाली, "किलो देऊ का दोन किलो?" पुढचे प्रकरण समोरच्याचे म्हणणे त्यालाच परत ऐकवण्याचे. दूधवाला म्हणाला, "काका, उद्यापासून दूध बंद." हे म्हणाले, "म्हणजे उद्यापासून दूध बंद, असं तुम्हाला वाटतंय." "वाटत नाय काका, बंदच हाय." त्यानंतर रागाला दहापैकी गुण देण्याचा तक्ता आला, विहीणबाईंनी त्यावर किराण्याची यादी केली.

गेल्या वर्षी आमची वैशाली, म्हणजे त्यांची सून, नवऱ्याशी बिनसून माहेरी आली आणि परत जाण्याचे नाव घेईना. नवव्या दिवशी व्याही फाईल घेऊन हजर झाले. "गुरुजी, आज मी सासरा म्हणून नाय आलो. मी तटस्थ आहे," असे मला बजावून ते तिच्यासमोर बसले.

"मामा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत मला नोकरी लागत होती."

"म्हणजे तुला नोकरी करावीशी वाटत होती."

"व्हय. घरातून नको म्हणाले, अन् हे गप्प बसले."

"घरातून नको म्हणाले, असं तुला वाटतंय. कोण म्हणालं?"

"तुम्हीच."

या उत्तराचे प्रकरण त्यांच्या पुस्तकात नव्हते. त्यांनी फाईल मिटली.

"मीच म्हणालो," ते हळू म्हणाले. "अन् पोरगं माझ्या धाकानं गप्प बसलं. अजून हाय का ती जागा?"

"भरली, मामा."

"मग दुसरी बघू. मी येतो संगं."

त्या संध्याकाळी वैशाली त्यांच्याबरोबर गेली. तिने हे सारे आठ दिवस मलाही सांगितले होते. मी दररोज तिला समजुतीने घेण्याचे महत्त्व पटवून दिले, उदाहरणांसह. 'कोण म्हणालं?' एवढे विचारायचे मात्र मला एकदाही सुचले नाही.