नाव नसलेला इव्हेंट

“बाई, हा काउंटर रेशनच्या दुकानातला नाही. नंबर दाखवला की माल मिळाला, असं नसतं इथं.”

सर हे बोलले आणि ऑनलाइन मीटिंगमधले सगळे हसले. काहींचे माईक बंद होते, त्यांचं हसणं नुसतं दिसलं. काहींचे चालू होते. ते आमच्या घरात ऐकू आलं.

आमचं घर पोलादपूरच्या बाहेर, आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या बौद्धवाडीत. मी पुण्याच्या कंपनीत, पण दोन महिने घरूनच काम करत होते. बाबांना अर्धांगवायू झाला होता. पुढच्या खोलीत त्यांची खाट, खाटेपासून चार हातांवर माझं टेबल. रेंज फक्त तिथंच यायची. म्हणून माझं सगळं काम बाबांच्या कानांवरून जायचं.

काम काय होतं ते सांगते. औषधाच्या गोळ्यांचे फोटो तपासून कुठल्या गोळीला तडा गेलाय ते सांगणारा एक प्रोग्रॅम. त्याचा एक भाग मी लिहिलेला, दुसरा सरांनी. सर म्हणजे आमचे टीम लीड. ग्राहकाच्या नव्या मशीनवर प्रोग्रॅम अडखळत होता. दोष कुणाच्या भागात, हे शोधायचं होतं.

प्रोसेसरच्या आत मोजणारे काउंटर असतात. पुढं काय करायचं याचा प्रोसेसरचा अंदाज किती वेळा चुकला, किती वेळ डेटाची वाट बघत बसावं लागलं, असं ते मोजतात. या एकेका गोष्टीला इव्हेंट म्हणतात. हे आकडे वाचून दाखवणारं एक टूल असतं. कुठले इव्हेंट मोजायचे, ते त्याच्या कमांडमध्ये आपण लिहून द्यायचं. नेहमीच्या इव्हेंटना नावं असतात. पण कितीतरी इव्हेंटना टूलमध्ये नावच नसतं. त्यांचा नुसता कोड असतो, प्रोसेसरच्या मॅन्युअलमध्ये. आधी ‘आर’ अक्षर, पुढं तो कोड. असं लिहिलं की तेही मोजले जातात.

मी मॅन्युअलची पानं वाचून असा एक कोड शोधला होता. प्रोसेसर डेटासाठी किती वेळ ताटकळला, ते मोजणारा. त्यावरून दिसत होतं की खोळंबा माझ्या भागात नाही. सरांच्या भागात आहे.

सरांनी मात्र एकाच कमांडमध्ये वीसेक इव्हेंट कोंबले होते आणि त्यावरून दोष माझ्या भागात दाखवला होता. काउंटर असतात मोजकेच. इव्हेंट जास्त झाले की टूल आलटूनपालटून थोडा थोडा वेळ मोजतं आणि उरलेलं अंदाजानं वाढवून सांगतं. लपवत नाही. ओळीच्या टोकाला कंसात टक्के छापतं, की खरोखर इतकाच वेळ मोजलंय. सरांच्या स्लाइडवर तो कंस नव्हता. कापलेला होता.

मी एवढंच विचारलं, “सर, टक्के दिसत नाहीत.”

त्यावर ते रेशनचं दुकान. आणि हसू ओसरल्यावर पुढचं वाक्य.

“काय आहे, तुमच्या लोकांना सगळं यादीतून मिळायची सवय. इथं डोकं लागतं.”

तुमच्या लोकांना. सगळ्यांनी ऐकलं. कॅमेऱ्यात माझा चेहरा, त्याच्या मागं आमची पत्र्याची भिंत.

मी म्हटलं, “सॉरी सर.”

का म्हटलं? मला आजही माहीत नाही. तोंडातून आलंच ते. कुठून तरी लांबून आल्यासारखं.

लॅपटॉप मिटला. बाबा माझ्याकडंच बघत होते. ते तीस वर्षं शाळेत शिपाई होते. मास्तर लोकांचे कप कपाटात, बाबांचा कप खिडकीत, उपडा. मी त्याच शाळेत शिकले, रोज तो कप बघितला, कधी विचारलं नाही. मीटिंग इंग्रजीतून चालली होती आणि बाबांना इंग्रजी येत नव्हतं. पण सॉरी त्यांना चांगलं कळायचं.

“चूक झाली काय गो?” वाकड्या तोंडानं त्यांनी विचारलं.

मी थकले होते. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, यादीचं वाक्यसुद्धा. ते मला त्यांना ऐकवायचं नव्हतं.

“हो बाबा. झाली.”

बाबा म्हणाले, “सांभाळून ऱ्हा. त्यांच्या चुका कोन बघत नाय. आपल्या मोजतात.”

आठ दिवसांनी महाडच्या दवाखान्यात बाबा गेले.

सगळं रीतीनं झालं. वंदना झाली, पाहुणे आले, गेले. मग एका सकाळी आई त्यांचे सदरे घड्या घालून ठेवत होती. मी तिच्याजवळ बसले होते. ती सदऱ्याकडं बघतच बोलली.

“दवाखान्यात तुज्या बाबांनी मला बोटानं जवळ बोलावलं होतं. बोलले, पोरीची कामात कायतरी चूक झालीय. तिला काय बोलू नको. घाबरलीय ती.”

मी म्हटलं, “आई, माझी चूक नव्हती गो.”

तिनं हात थांबवला. “मग तसं सांगितलंस कशाला त्यांना?”

मी रडले. दवाखान्यात रडले नव्हते, तेवढी रडले. माझा बाप जाताना मला चुकलेली समजून गेला. त्यानं मला माफ करून टाकलं, न केलेल्या चुकीसाठी. आणि हे त्या सरांनी केलं नव्हतं. त्यांनी टोचलं, पण बाबांपर्यंत ते खोटं मी पोचवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी महाडला गेले. मावसभावाचा तिथं कॉम्प्युटर क्लास आहे. तिथं नेट बरं चालतं. ऑफिसातल्या टेस्ट मशीनला जोडून घेतलं. चार-चार इव्हेंटचा गट केला, गट महिरपी कंसात टाकला, म्हणजे ते एकदमच मोजले जातात. दोन्ही भाग वेगळे चालवले. दहा-दहा वेळा. ओळींच्या टोकाला एकदाही टक्के आले नाहीत. म्हणजे पूर्ण वेळ मोजलं होतं. खोळंबा सरांच्याच भागात होता.

सरांना फोन केला. आकडे पाठवले.

“बरोबर आहे तुझं. पण ग्राहकाला रिपोर्ट गेलाय. पुढच्या व्हर्जनमध्ये मी गुपचूप दुरुस्त करतो. टीमचं काम म्हणून टाकू. तुझ्याकडं आत्ताच दुःखाचा प्रसंग झालाय, वाद कशाला वाढवतेस?”

“नाही सर.”

“काय?”

“नाही म्हटलं. आणि तुम्ही यादीबद्दल बोललात, तेही मी लिहिणार आहे.”

“अगं, तो विनोद होता.”

मी फोन ठेवला. मग लिहायला बसले. कमांड जशीच्या तशी. कोड, मॅन्युअलचं पान. त्यांची कमांड, त्यांचे कापलेले टक्के. आणि खाली, अवतरणचिन्हांत, त्यांची दोन वाक्यं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मीटिंगला होते त्या सगळ्यांना पाठवलं, वरच्या साहेबांनाही. खाली माझं पूर्ण नाव.

रिपोर्ट बदलला. सर आहेत तिथंच आहेत. मला दुसऱ्या टीममध्ये टाकलं, तिथं मोजण्याचं काम नाही. तेव्हा हसलेल्यांतल्या एकीचा फोन आला. “बरं केलंस. पण साक्षीला माझं नाव देऊ नकोस हं.” मी दिलं. ती ऐकत होती. ऐकलं ते तिनं सांगावं.

सोमवारी कंपनीनं चौकशीला पुण्याला बोलावलंय. आई म्हणाली, “मी पन येते संगती.” मी तिला नको म्हटलं. तिनं ते वाक्य सरांच्या तोंडून ऐकू नये.

समजुतीनं मिटवा म्हणतील. सरांच्या माफीचा कागद माझ्यापुढं सहीला करतील, त्यात ‘गैरसमज’ असा शब्द असेल. मी सही करणार नाही. गैरसमज झाला नव्हता. मला नीट समजलं होतं, त्याच दिवशी, त्याच क्षणी. ते मी त्यांच्यासमोर बसून सांगणार आहे. नोकरी राहो, जावो. बाबांना खरं सांगायचं राहून गेलं, ते आता कधीच होणार नाही. बाकी सगळ्यांना सांगेन.