किमर्लेंच्या जीपचा डावा मडगार्ड

चर्चच्या घंटा थांबल्या आणि माझा हातोडा थांबला नाही.

एक, दोन, तीन, चार. रविवारची सकाळ, स्टुटगार्टच्या टेकडीवरची एक शांत गल्ली, आणि त्या शांततेत पत्र्यावर हातोडा. पाचव्या ठोक्यासाठी हात उचलला तेव्हा शेडच्या दारात कोणीतरी उभं आहे असं वाटलं. मी कानांतला कापूस काढला.

"हेर सोहनी," शेजारच्या फ्राऊ हेफेले म्हणाल्या, "आज रविवार आहे."

"हो, फ्राऊ हेफेले. माफ करा. मला वाटलं, घंटा अजून वाजताहेत."

"घंटा चर्चमध्ये असते," त्या म्हणाल्या. "शेडमध्ये नसते."

आणि ताठ मानेने निघून गेल्या. मी हातोडा जीपच्या बॉनेटवर ठेवला. आता ही बातमी कुठवर जाणार याचा मला अंदाज होता, आणि त्या बातमीवर माझी नोकरी अवलंबून होती.

साठ-एकसष्ट सालची गोष्ट. पुण्याहून इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेऊन मी स्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात शिकायला आलो होतो. तिथे मोटारींच्या बॉडी बनत. मला जायचं होतं ते हाताने पत्रा घडवणाऱ्या विभागात. नव्या मॉडेलची पहिली गाडी तिथे हातोड्याने घडवली जायची. तेवढ्यासाठी मी बोटीवर अर्धा प्रवास ओकत काढला होता.

पण आधी तीन महिने मायस्टर किमर्ले यांच्या हाताखाली. मायस्टर म्हणजे आपल्याकडचा फोरमन, फक्त त्याला मॅनेजरही वचकून असतो. तीन महिन्यांनी ते शेरा देणार. शेरा चांगला असेल तर पत्र्याचा विभाग. नसेल तर ड्रॉइंग ऑफिस, म्हणजे दिवसभर पेन्सिलींना टोक करणं. पहिल्याच दिवशी किमर्लेंनी माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, "पुस्तकी हात." मला ते फार लागलं होतं.

ऑक्टोबर आला, तिसरा महिना सुरू झाला. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं.

"माझ्या घरी एक जीप आहे. अमेरिकन सैन्याची. युद्धानंतर सासऱ्यांनी लिलावात घेतलेली. आमच्या द्राक्षांच्या मळ्यात चालते. तिचा डावा मडगार्ड करायचाय. नीट झाला तर तोच तुमचा शेरा."

"फक्त डावा?"

"फक्त डावा. द्राक्षं काढायच्या आत. आणि पुट्टी चालणार नाही."

पुट्टी म्हणजे पत्र्यातला खड्डा बुजवायचा लगदा. खड्डा ठोकून वर काढायला कसब लागतं. पुट्टी भरायला फक्त सुरी लागते. वरून रंग मारला की दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आमच्या धंद्यात पुट्टी भरणाऱ्याला कोणी कारागीर म्हणत नाही.

"शनिवारी दुपारी येऊ का, मायस्टर?"

"रविवारी या."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. जर्मनीत रविवारी आवाज करायचा नाही. खिळा ठोकायचा नाही, गवत कापायचं नाही, सतरंजीसुद्धा झटकायची नाही. कायदा आहेच, पण शेजारी त्याहून कडक. आणि किमर्ले तर चर्चच्या कमिटीवर होते. पण मायस्टर चेष्टा करत नसत.

"नऊ वीसला घंटा सुरू होतात," ते म्हणाले. "साडेनऊपर्यंत चालतात. तेवढ्यात ठोका. मग प्रार्थनेच्या वेळात खरवडायचं, घासायचं, तापवायचं. शेवटी एक घंटा पुन्हा मिनिटभर वाजते, तेव्हा परत ठोका."

"पण शनिवारी का नको?"

"शनिवारी ओपा घरी असतात."

ओपा म्हणजे आजोबा. किमर्लेंचे सासरे. घरात सगळे त्यांना ओपाच म्हणत. उमेदीच्या काळात ते गावातले नावाजलेले पत्रेवाले होते, आणि किमर्ले त्यांच्याच हाताखाली शिकलेले.

"ओपांना यातलं काही कळता कामा नये," किमर्ले म्हणाले. "या वयात त्यांना धक्का बसेल."

हे ओपा पंच्याहत्तरी उलटल्यावरही पाठीवर टोपली घेऊन मळ्याच्या पायऱ्या चढत. धक्का बसणाऱ्यांतले दिसत नव्हते. पण शेरा ज्याच्या हातात त्याला उलट विचारू नये, एवढी अक्कल मला होती.

पहिल्या रविवारी सगळं घर चर्चला गेलं आणि मी शेडमध्ये शिरलो. मडगार्डवरच्या हिरव्या रंगाला फोड आले होते. फोडांच्या कडेने तांबूस डाग. मी पातं लावून खरवडायला लागलो, तर भाकरीएवढा एक पोपडा सुटून पायाशी पडला. पुट्टी! खाली पत्र्यात हा खड्डा. त्यात वाटीभर वरण मावलं असतं.

पोपडा उचलला तर वाजवीपेक्षा जड लागला. मोडून पाहिला. आत सगळीकडे बारीक गंजलेले कण. लोखंडाचा कीस!

हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. पुट्टी भरली आहे का हे ओळखायची जुनी युक्ती म्हणजे लोहचुंबक. पत्र्याला तो चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. इथे कोणा बहाद्दराने पुट्टीत कानशीने काढलेला कीस मिसळला होता, म्हणजे लोहचुंबकही फसावा. पुढे ओल आत शिरली, कीस गंजला, फुगला आणि त्याने रंग वर उचलला. मी मनातल्या मनात त्या अनोळखी अमेरिकन शिपायाला सलाम केला, पोपडा वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकला आणि कामाला लागलो.

जीपचा मडगार्ड पाटासारखा सपाट असतो. सपाट पत्रा सगळ्यांत लबाड. गोलाईवर थोडी चूक खपून जाते, सपाटावर लगेच डोळ्यांत येते. शिवाय खड्डा पडला की तिथला पत्रा ताणला जातो. नुसता ठोकून वर काढला तर तो डब्याच्या झाकणासारखा टकटक आत-बाहेर करतो. म्हणून ज्योतीने एकेक ठिपका लाल करायचा, त्याच्या भोवती ठोकायचं आणि ओलं फडकं लावायचं, की पत्रा आकसतो. ठोकताना खालून डॉली धरायची. डॉली म्हणजे मुठीएवढा गुळगुळीत लोखंडी ठोकळा. एका हातात हातोडा, एका हातात डॉली, आणि दोन्हींच्या मध्ये पत्रा.

दहा मिनिटांत जमेल तेवढं ठोकायचं म्हणून मी झपाटल्यासारखा ठोकत होतो. त्या छोट्या शेडमध्ये कान बधिर व्हायचे. म्हणून दुसऱ्या रविवारी कानांत कापूस घातला आणि घड्याळ समोर ठेवलं. जर्मनीत घंटा वेळेवरच थांबणार, असं मी धरून चाललो. त्या दिवशी त्या दोन मिनिटं आधी थांबल्या. का ते मला आजवर कळलेलं नाही.

बाकीचे शेजारी प्रोटेस्टंट, ते चर्चमध्ये होते. फ्राऊ हेफेले कॅथलिक. त्यांची प्रार्थना सकाळी लवकरच उरकायची आणि या वेळी त्या बागेत असायच्या. किमर्लेंनी सगळा हिशेब केला होता, फक्त पंथाचा केला नव्हता.

तो आठवडा मी जीव मुठीत धरून काढला. किमर्ले काही बोलले नाहीत. म्हणजे बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. मग कोणापर्यंत पोचली?

तिसऱ्या रविवारी मी शेडचं दार ढकललं तर आत स्टुलावर ओपा बसले होते. कोट, टाय, डोक्यावर हॅट.

"गुडघा दुखतोय असं घरी सांगितलंय," ते म्हणाले. "बस."

मी उभाच राहिलो. आता विचारतील, इथे काय करतोस, कोणी पाठवलं. मी उत्तरं जुळवायला लागलो. ओपांनी मडगार्डवरून नजर फिरवली आणि भलतंच विचारलं.

"पुट्टी कुठे आहे?"

मी गुपचूप पिशवीतला पोपडा काढून दिला. त्यांनी जाकिटाच्या खिशातून दोरीला बांधलेला लोहचुंबक काढला आणि पोपड्याला लावला. तो जेमतेम चिकटला आणि घसरला. ओपा खोकला येईपर्यंत हसले.

"किमर्ले तेव्हा माझ्याकडे कामाला होता," ते म्हणाले. "माझी जीप मळ्याच्या भिंतीवर घातली. आणि त्याच आठवड्यात माझ्या मुलीला मागणी घालायला आला. मी म्हटलं, आधी मडगार्ड सरळ कर. पुट्टी चालणार नाही. मग बोलू."

"आणि त्यांनी कीस घातला?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! मी लोहचुंबक लावला. चिकटला, पण असा, नाइलाजाने. कोणत्याही पत्रेवाल्याला कळलं असतं."

"तरी मुलगी दिलीत?"

"हे बघ, ज्याला पुट्टीत कीस घालायचं सुचतं, तो बायकोला उपाशी ठेवणार नाही. बरोबर ना? दहा वर्षं तो माझ्या आणि या मडगार्डच्या मध्ये उभा राहतोय. म्हणून द्राक्षांच्या वेळी मी मुद्दाम डाव्या बाजूने चढतो. ड्रायव्हरची सीट ओलांडून उजवीकडे बसतो. त्याचा चेहरा बघायला."

मला एवढं हसू आलं की मी खाली बसलो. माझा शेरा अजून टांगलेलाच आहे, हेही क्षणभर विसरलो.

तेवढ्यात घंटा सुरू झाल्या. मी सवयीने कानांत घालायला खिशातून कापूस काढला, तर ओपांनी माझ्या हातावर फटका मारला.

"कान बंद करून पत्रा ठोकतोस? ऐक आधी."

ते बाजूला उभे राहिले, मी ठोकायला लागलो. डॉली ठोक्याच्या बरोबर पाठीमागे असली की आवाज खणखणीत येतो. थोडी सरकली की बद्द. दोन रविवार मी अर्धे ठोके वाया घालवत होतो, आणि ते मला सांगणारा आवाज मीच कापसाने अडवला होता. त्या दिवशी घंटांच्या गजरातही पाच-सात ठोक्यांनी एकदा ओपांचं बोट वर व्हायचं. चुकलं. मग मला माझं मलाच ऐकू यायला लागलं. साडेनऊला घंटा थांबल्या आणि माझा हातोडा त्यांच्याबरोबर थांबला.

"पोपडा मला दे," जाताना ओपा म्हणाले. "आणि तू काही पाहिलं नाहीस."

द्राक्षं काढायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी किमर्लेंनी परीक्षा घेतली. ओपांच्या झोपेची वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. डोळे मिटून त्यांनी उघड्या पत्र्यावरून तळहात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा.

"खड्डा नक्की कुठे होता?" त्यांनी विचारलं. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

मी जागा दाखवली. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"रंगाखालून काही निघालं?"

"गंज."

"फक्त गंज?"

"फक्त गंज, मायस्टर."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ब्रश उचलला. तेवढ्यात दारातून ओपा आत आले. झोप झालेली दिसत होती. हातात दोरी, दोरीला लोहचुंबक. किमर्लेंचा ब्रश हवेतच राहिला. ओपांनी शांतपणे लोहचुंबक मडगार्डच्या मधोमध सोडला.

टक.

ओपांनी ओढून पाहिला. निघेना. पुन्हा ओढला.

"मागच्या वेळेपेक्षा," ते म्हणाले, "आज जरा जोरात चिकटला."

आणि आले तसे निघून गेले. किमर्लेंचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल. आम्ही पत्रा तापवतो तेव्हा होतात तसे. ते माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना. शेवटी त्यांनी ब्रश डब्यात बुडवला.

"सोमवारी पत्र्याच्या विभागात," ते मडगार्डला म्हणाले. "पावणेसातला."

दुसऱ्या दिवशी मीही मळ्यात गेलो. जीप दारात उभी होती. ओपा हॅट सावरत आले, डाव्या बाजूला क्षणभर थांबले, वळसा घालून पलीकडे गेले आणि उजव्या बाजूने चढले. किमर्लेंनी ते पाहिलं. गाडी सुरू करायला त्यांना जरा वेळच लागला.

पुढे मी चाळीस वर्षं पत्राच ठोकला. लोकांना आता माझ्याकडून काहीतरी मोठा धडा हवा असतो. मी एवढंच सांगतो, ठोकताना कानात कापूस घालू नये.