चालू टेम्पोतले शेठ

शेठना मी पुरतं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीवर टेकायचे ते एका मांडीवर; दुसरा पाय कायम निघायच्या तयारीत. हातात टेम्पोची चावी, आणि ती सारखी वाजायची. बोलताना वाजायची, फोनवर वाजायची, जेवताना ताटाशेजारी ठेवली तरी डावा हात तिला चाळवत राहायचा. दिवसभर माणसांचे आवाज टिपण्याचं ज्या कंपनीचं काम, तिच्याच मालकाच्या हातात ही खुळखुळ! यातला विनोद मला पहिल्याच दिवशी कळला. शेठना तो शेवटपर्यंत कळला नाही.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. तशी अट आहे. लिहू का, म्हणून मी फोन केला तेव्हा मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. ते म्हणाले, "लिही की. नाव काप, गाव काप, मंग काय लिहायचं ते लिही." कापणं हा आमच्या धंद्यातला शब्द, आणि शेठचा सगळ्यात लाडका. म्हणून एवढंच सांगते, की ते पेणजवळच्या खाडीकाठच्या एका मिठागरवाल्या आगरी घरातले. ट्रकवर क्लीनर म्हणून चढले, चार गाड्यांचे मालक झाले, आणि ऐन पन्नाशीत तीन गाड्या विकून त्यांनी पॉडकास्टची कंपनी काढली. तालुक्याने वेड्यात काढलं. शेठचं म्हणणं एकच, "ट्रकात गाणी कितीदा ऐकशील? तीच तीच. माणसाचं बोलणं कवा संपत न्हाय."

मी पालीची. मुंबईला जाऊन शिकले होते आणि नोकरी मिळेना म्हणून घरी परतले होते. बल्लाळेश्वराला येणारे पाहुणे आमच्याकडे चहाला थांबायचे आणि 'सध्या काय करतेस' असं विचारायचे. त्या प्रश्नाला कंटाळून मी पेण गाठलं. शेठचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावर दोन खोल्या. एकीत टेबलं, दुसरीत भिंतींना गोधड्या टांगून केलेला स्टुडिओ. मुलाखत वगैरे काही झालीच नाही. शेठने मला टेम्पोत बसवलं, एका डॉक्टरांचा भाग लावला आणि वडखळचा रस्ता धरला. नाक्यावर विचारलं, "तुझं लक्ष कुठं उडालं गो?" मी म्हटलं, "सुरुवातीलाच." शेठ इतके खूश झाले, की गाडी एका खड्ड्यातून गेली. "उद्यापासून ये," ते म्हणाले.

टेम्पो ही आमच्याकडची परीक्षा होती. भाग कितीही घोटून तयार केला, तरी चालू टेम्पोत पास झाल्याशिवाय तो बाहेर पडत नसे. पेणहून वडखळ, वडखळहून अलिबागच्या रस्त्याला पुढे जमेल तितकं. "लोक काय देवघरात बसून ऐकतात?" शेठ विचारायचे. "कोण गाडीत, कोण गिरणीत, कोण मच्छी साफ करताना. तिथं ऐकू आलं पायजे." आणि ऐकताना जिथे त्यांचं लक्ष रस्त्याकडे जाई, तिथे ते हॉर्न वाजवत. हॉर्न म्हणजे काप. मी शेजारी बसून ती जागा टिपायची. पुढे चालणाऱ्या निरपराध सायकलवाल्याला यातलं काय माहीत? तो बिचारा दचकून गटाराकडे उतरायचा आणि आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. शेठ खिडकीतून हात जोडून ओरडायचे, "तुला न्हाय रं बाबा, डॉक्टरला!"

मी शिकले ती या हॉर्नच्या माराखाली. दिवेआगरच्या एका बाईंनी वादळात त्यांची पोफळीची वाडी कशी आडवी झाली ते सांगितलं होतं. मला काम छान करून दाखवायचं होतं. मी त्यांचे सगळे श्वास काढून टाकले, अडखळणं काढलं, वाक्याला वाक्य चिकटवलं. टेम्पोत शेठने हॉर्नवरून हात उचललाच नाही. "बाय बोलतेय का मशीन? तिचा दम कुठं गेला? ती दम घेते तवाच मी घेतो." परत जाऊन सगळे श्वास शोधून जागच्या जागी बसवले. त्या दिवशी घरी जाताना मला रडू येत होतं आणि शिकल्यासारखंही वाटत होतं.

शेठ नेहमी बरोबर असत असं मात्र कुणी समजू नये. गोळ्या जेवणानंतर घ्याव्यात, हे डॉक्टरांचं वाक्यच त्यांनी एकदा हॉर्न मारून उडवलं होतं. डॉक्टरांचा फोन आल्यावर ते भागाच्या शेवटी जोडलं. किहीमच्या एका रिसॉर्टवाल्याला तोंडावर सांगितलं, की तुमचा आवाज थंड वड्यासारखा आहे, त्यापेक्षा तुमच्या आचाऱ्याला बोलवा. गिऱ्हाईक गेलं. रोज सकाळी नवं खूळ. आज कोळणींच्या गप्पा, उद्या पेणच्या मूर्तिकारांवर मालिका, परवा प्रत्येक भागाच्या सुरुवातीला खऱ्या ट्रकचा भोंगा. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! त्यांच्यासोबत राहून मलाही ती लागण झाली. घरी जेवताना माझा पाय हलत असायचा आणि आई म्हणायची, "अगं, कुणी पाठीस लागलंय का?"

रेकॉर्डिंगला मात्र शेठना खोलीत थारा नव्हता. चावीच्या आवाजामुळे आम्हीच त्यांना बाहेर काढायचो. जाता जाता ते दारातून बजावत, "माणूस थांबला का गप बस. लगेच बोलू नको. परत थांबला, तर मंग विचार." ज्याला सिग्नलला थांबवत नव्हतं, तो मला थांबायला शिकवत होता. कच्चं रेकॉर्डिंगही ते ऐकत नसत. म्हणत, "कच्चं मला सांगू नको. पहिलं गाडीत ऐकीन."

हा सगळा खटाटोप कशासाठी होता, ते मला बऱ्याच उशिरा समजलं. एकदा रिकाम्या रस्त्यावर, काही न लावता गाडी चालवत असताना शेठ म्हणाले, "आबांचा आवाज घ्यायचा राहिलाय." आबा म्हणजे त्यांचे वडील. ऐंशी ओलांडलेले, चार पावलं चालले की धाप लागायची. गावात एकटेच राहत. शेठ जवळजवळ रोज त्यांच्याकडे जात, पण बापलेक एकमेकांशी बोलत नसत. आई होती तोवर मधे आई. आबा म्हणत, "त्याला सांग, जेवून जा." शेठ म्हणत, "त्यांना सांग, जेवलो." आई गेल्यावर जो कुणी घरात असेल तो. कुणीच नसेल तर दोघं गप्प.

कारण गावाच्या बांधावर होतं. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाने घातलेला मातीचा बांध. मोठ्या उधाणाला प्रत्येक घराने पाळीने तो राखायचा, त्यावरून फिरायचं, खेकड्यांची बिळं बुजवायची, पाणी झिरपताना दिसलं की हाळी द्यायची. त्यांच्या घराची पाळी होती तेव्हा तरुण शेठ ट्रक घेऊन गुजरातेत गेले होते. भर दुपारी उधाण आलं, बांध फुटला, खारं पाणी साऱ्या गावाच्या भातात शिरलं. पुढे कित्येक वर्षं त्या शेतांत भात झाला नाही. "माझ्या पायाला भिंगरी," शेठ समोर बघत म्हणाले, "तिच्यापायी गावाचा भात गेला. आबा बोलत न्हाय ते बरोबरच हाय." चावी इग्निशनमध्ये होती, म्हणून बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. "तू जा गो. मिठाचं विचार त्यांना. तेवढं घेऊन ठेवू. बाकी काय विचारू नको."

गेलो. मी ओटीवर, शेठ लांब चिंचेखाली टेम्पोपाशी येरझारा घालत. आबांनी माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिलं वाक्य, "बाय, त्याला सांग, उन्हात नको फिरू." मग मिठाचं बोलले. कोंड्यात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, पाणी कसं घ्यायचं, ते कसं आटवायचं, वारा कुठला हवा. "मीठ घाई करून येत न्हाय. त्याला सांग. वाऱ्याच्या मनात आलं का येतं." फार सुंदर बोलत होते. मग थांबले. मी गप्प बसले. पुन्हा थोडं बोलले, पुन्हा थांबले. शेठने नको सांगितलं होतं आणि शेठनेच शिकवलंही होतं. मी विचारलं, "आबा, बांध फुटला तेव्हा काय झालं होतं?"

आबा चिंचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याला सांग, मी व्हतो बांधावर. पाळी मीच घेतली व्हती. पाणी यायला अवकाश व्हता, म्हणून झोपडीत जरा पडलो. डोळा लागला. उठलो तवा बांध गेलेला. गाव धावत आला. मी बोललो, पोरगा न्हाय घरी, मी एकटा काय करू. एकदा बोललो ते बोललो. मंग त्याच्या तोंडाकडं बघवं ना." धाप लागली. ती ओसरल्यावर पुन्हा म्हणाले, "त्याला सांग."

मी टेम्पोत येऊन बसले. शेठने विचारलं, "मिठाचं बोलले?" मी म्हटलं, "बोलले." "आणि?" "गाडीत ऐका." त्यांचाच नियम त्यांना ऐकवला. दुसरं काही सांगण्याची माझी छाती नव्हती.

तो भाग तयार होईपर्यंत माझी अन्नावरची वासना उडाली होती. पहिल्या खेपेला सवयीने सगळे 'त्याला सांग' कापून टाकले. ऐकलं, तर एक म्हातारा मिठाची माहिती देत होता, एवढंच. मग एक एक करून सगळे परत बसवले.

टेम्पो निघाला. वडखळ मागे पडलं, हॉर्न नाही. पुढे एक ट्रक रेंगाळत होता, तरी हॉर्न नाही. आबा मिठाचं बोलले, थांबले. टेपमधून माझा प्रश्न आला तेव्हा शेठने माझ्याकडे रागाने पाहिलं. मग आबांचं उत्तर सुरू झालं. शेठने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. इतक्या दिवसांत चालू टेम्पोत भाग ऐकताना मी ते कधी बंद झालेलं पाहिलं नव्हतं. शेजारून कंटेनर जात होते आणि त्यांच्या वाऱ्याने आमचा टेम्पो हलत होता. शेवटचं "त्याला सांग" झालं. शेठ म्हणाले, "परत लाव." परत लावलं. मग त्यांनी टेम्पो वळवला आणि गावाची वाट धरली.

आबा ओटीवरच होते. शेठ उतरले आणि माझ्या बाजूला येऊन म्हणाले, "चल गो." मी म्हटलं, "मी इथेच बसते."

"मंग ते कोणाला सांगतील?"

"तेच म्हणतेय शेठ."

शेठने ओटीकडे पाहिलं. मग एकटेच गेले. चावी सीटवर राहिली होती. लांबून दिसलं, आबांनी इकडेतिकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, मान खाली घातली. बऱ्याच वेळाने त्यांचे ओठ हलले. आमच्या कंपनीतलं सगळ्यात मोलाचं बोलणं ते, आणि माइक माझ्या पिशवीत होता. शेठ परतले ते उन्हं कलल्यावर.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बस म्हणाले."

"मग?"

"बसलो."

शेठने चावी उचलली, वाजवली नाही. म्हणाले, "ते झोपेचं काप."

मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. इतकी वर्षं गाव तुम्हाला बोल लावतंय, एका वाक्यात सगळं फिटेल, आणि तेच कापायचं? शेठने ऐकून घेतलं. "त्यांना त्या गावात राहायचंय गो. मी काय, गाडीतला माणूस. गावाला मीठ ऐकू दे." मी माझ्या हाताने तो तुकडा कापला. आमच्या कंपनीचा तो सगळ्यात गाजलेला भाग ठरला. गावात नाक्यावर लोकांनी तो मोबाइलवर मोठ्याने लावला, म्हणे. 'त्याला सांग' प्रत्येक वेळी आलं की सगळे हसायचे.

पुढे मला मुंबईत काम मिळालं. आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या गावी गेले. अंगणात माणसं बसली होती. एक म्हातारे गृहस्थ मला, परक्या मुलीला, कौतुकाने आबांची थोरवी सांगू लागले. "लई सोसलं त्यांनी. बांध गेला तवा एकटा माणूस. पोरगा ट्रकवर."

शेजारीच शेठ मांडी घालून बसले होते. म्हणाले, "व्हय. ट्रकवर व्हतो."

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडलं. शेठने माझ्याकडे पाहिलं आणि गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचा अंगठा हलकेच खाली दाबला, हॉर्न दाबतात तसा. मी गप्प बसले. म्हाताऱ्यांनी चहा आला का म्हणून विचारलं, आणि शेठ म्हणाले, "बसा, येतोय."