हार घातलेली माणसं

आमच्या शाळेच्या एका भिंतीवर थोर माणसं ओळीनं टांगलेली आहेत. जयंती आली की त्यांतलं एक खाली उतरतं, ओल्या फडक्यानं पुसलं जातं, खुर्चीवर बसतं. कपाळाला गंध लागतं, गळ्यात झेंडूचा हार पडतो. मग पाठ केलेली भाषणं सुरू होतात. ‘माझे दोन शब्द शांतपणे ऐकून घ्यावे, ही नम्र विनंती.’ ऐकणारी पोरं एकमेकांना चिमटे काढत असतात. दुसऱ्या दिवशी विचारावं, काल कोणाची जयंती होती? तर उत्तर येतं, “ते नाही का, बुंदी भेटली होती!” मला या पोपटपंचीचा भारी राग येतो, आणि ती बसवून घ्यायचं काम नेमकं माझ्याच गळ्यात असतं.

शाळा तिरोड्याकडच्या एका खेड्यात आहे. पहिली-दुसरी मी शिकवते. मागच्या वर्षी दुसरीत एक पोरगी होती, बोलण्यात एकदम तिखट. तिची आई आजारपणात गेलेली; घरी बाप आणि ती, दोघंच. जानेवारीत मुलींसाठी शाळा काढणाऱ्या बाईंची जयंती असते. त्या खेपेला मी पोरीला भाषण दिलंच नाही, गोष्ट सांगितली. लोक अंगावर शेण फेकायचे, म्हणून बाई सोबत दुसरं लुगडं घेऊन निघायच्या आणि शाळेत पोचल्यावर ते नेसायच्या.

“त्याईले राग नाही ये का?” पोरीनं विचारलं.

“येत असंल. पण शाळा नाही सोडली.”

ही गोष्ट तिनं वर्गात अशी रंगवून सांगितली, की पोरं चिमटे काढायचं विसरली. मी हरखून म्हणाले, “अशीच शिकत राहा. एक दिवस तुझाही फोटो लागंल या भिंतीवर.”

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. जयंती उद्यावर आली, तेव्हा दुपारी खिचडीच्या वेळेला तिचा बाप शाळेत आला.

“मॅडमजी, पोरगी शाळेत यायले नाहीच म्हणून राहिली. मले शिकाचंच नाही म्हणते. काऊन, ते सांगून नाही राहिली.” मग म्हणाला, “तिच्या मायनं जाताना मले एकच सांगतलं होतं, पोरीले शिकवजा.”

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ओसरीत धानाची पोती रचलेली होती. पोरगी त्यांच्या आड बसून होती, मला पाहूनही उठली नाही. बराच वेळ मनवल्यावर बोलली.

“मले नाही लावाचा फोटो.”

“काऊन वं?”

“फोटो लागते तो मरते. भिंतीवरचे सारे मेले हायेत. माय बी.” तिनं समोर बोट दाखवलं. तिथं आईचा फोटो होता, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. “मी मेली तं बाबा एकटे राहतीन.”

शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण या भिंतीकडं पोरांच्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं.

मी तिच्या शेजारी खाली बसले. म्हटलं, “वेडाबाई, मरतात तं सारेच. साऱ्याईचे फोटो लावतो का आपण शाळेत? हे लोक आपल्याले काही देऊन गेले, म्हणून लावतो. त्या बाई नसत्या तर मी मॅडम झाली असती का? कोणाच्या तरी बांधीत धान रोवत असती. अन् तुझ्या फोटोची मले काही घाई नाही. आधी म्हातारी हो, तोंडाचं पार बोळकं होऊ दे, मग पाहू.”

ती हसली नाही. आईच्या फोटोकडं पाहत राहिली. मी घरी आले, आणि उद्या ती येईल असं काही मला वाटलं नाही.

ती आली. थंडी कडक होती, पोरं अंगणात उन्हात बसली होती. तिच्या छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ती सरळ खुर्चीपाशी गेली आणि टॉवेल सोडला. आत आईचा फोटो. हार नव्हता त्याला.

“मायनं मले धानाच्या कोंड्यात बोटानं अ काढाले शिकवलं,” ती म्हणाली. “हिले बी बसवा.”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं असं पाहिलं की ते उदबत्ती लावायला वळले.

“अन् घरचा हार कुठं गेला?” मी विचारलं.

“काढून ठेवला. तो मेल्याचा हाय. इथला घाला.”

आम्ही हार एकच आणला होता. मी दोन्ही फोटो एकमेकांना चिकटवून ठेवले. हार दोघींना पुरला.