खालांच्या चिमटीतलं उटणं

माणसाची पारख त्याच्या कोपरावरून करणारी बाई साऱ्या औंढ्यात एकच, आमच्या शेजारच्या खाला. "तोंड काय, कोणीबी धुतं," त्या म्हणतात. एका हळदीत त्यांनी नवरदेवाचा हात धरून कोपर निरखलं आणि त्याच्या आईला सांगितलं, "पोरगं गुणाचं हाय, पर आधी भिजू घाला." ती माउली दोन दिवस फुगून बसली आणि तिसऱ्या दिवशी उटणं न्यायला खालांच्याच दारात हजर!

दिवाळीचं उटणं आमच्या गल्लीला खालांकडूनच लागतं. त्यात मसूर डाळ, गुलाबाच्या पाकळ्या, आंबेहळद आणि संत्र्याच्या वाळलेल्या साली. संत्र्यांच्या दिवसांत त्या साली मागत दारोदार फिरतात. एकदा दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला गेल्या आणि त्याच्या उशाच्या साली बांधून घेऊन आल्या. सगळं दळायचं, मग त्यांच्या अम्मीच्या मलमली ओढणीतून तीनदा गाळायचं आणि शेवटी चिमटीत चोळून बघायचं. माझ्या भाचीनं शहरातून आणलेली, अक्रोडाच्या टरफलाचे कण घातलेली क्रीम त्यांनी अशीच चोळली आणि म्हणाल्या, "हे तोंडाचं हाय का तव्याचं?" गोरं व्हायला काही द्या म्हणणाऱ्या पोरीला मात्र त्या जवळ बसवतात. "मळ निघंल बेटा. रंग तुझा हाय, त्यो काहून काढून राहिली?"

या दिवाळीला समोरच्या घरी सव्वा महिन्याचं लेकरू होतं. त्याच्या पहिल्या अभ्यंगासाठी खाला स्वतः वेगळं उटणं करत होत्या आणि मी पुड्या बांधत होते. त्यांनी पीठ चिमटीत धरलं, पुन्हा धरलं आणि माझ्यापुढे केलं. "बघ गं, मऊ झालं ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी असं कोणालाच विचारलं नव्हतं. मी मनगटावर चोळलं तर चांगलंच खरखरलं. साखरेच्या दुखण्यानं त्यांची बोटं बधिर झालीत, हे मला तेव्हा कळलं. हो म्हणावं असं फार वाटलं. पण त्या कोवळ्या कातडीवर ओरखडा उठला असता, तर खालांनी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

"लागतंय, खाला."

त्यांनी पीठ स्वतःच्या गालावर फिरवलं. मग बराच वेळ बोटांकडे बघत राहिल्या. "चिमटीला तर मऊच लागून राहिलं," त्या हळूच म्हणाल्या आणि ओढणी माझ्या मांडीवर ठेवली. "मंग तूच गाळ. बराबर तीन बार."

मी गाळायला बसले. ओढणीला त्यांच्या हातांचाच वास होता. दोनदा गाळून झालं, तेव्हा खाला पिठाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होत्या.

"कोपर बघ तुझं," त्या म्हणाल्या. "एक पुडी सोतासाठी ठेव."

मी मान हलवली आणि तिसऱ्यांदा गाळायला घेतलं.